ऐकू आली ती वीज गेली

ढगांचा गडगडाट कानी पडला, याचा अर्थ ती वीज तुम्हाला लागलेली नाही. ती केव्हाच पडून विझलेली असते. तिने तापवलेल्या हवेचा आवाज तेवढा मागून येत असतो. दोन किलोमीटरवर वीज पडली, तर तिचा उजेड सेकंदाच्या दीड लाखाव्या भागात आपल्यापर्यंत पोचतो. आवाजाला तेवढंच अंतर कापायला सहा सेकंद लागतात. छातीत धस्स होतं ते आवाजाने, आणि आवाज येतो तेव्हा त्या विजेपुरता धोका टळलेला असतो. विजेच्या भीतीबद्दल जे काही सांगायचं ते इथून सुरू करावं, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

कारण ही भीती आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. लहान मूल घाबरलं तर त्याला कुशीत घेतात. पण चाळिशीतला, नोकरी करणारा, घर चालवणारा माणूस वैशाखातल्या दुपारी आभाळ भरून आलं की कावराबावरा होतो. खिडक्या लावतो, टीव्हीची पिन काढतो, आतल्या खोलीत जाऊन कानांवर हात धरून बसतो आणि पाऊस ओसरला की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर येतो. काहींच्या पोटात तर सकाळी हवामानाचा अंदाज वाचूनच गोळा येतो आणि दिवसभराचे बेत रद्द होतात. मानसशास्त्रात या भीतीला अ‍ॅस्ट्राफोबिया असं नाव आहे, आणि तिच्यावर उपायही आहे. तो पुढे सांगते. आधी माझ्या आत्याबद्दल.

माझी मोठी आत्या पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी तिचे पाय आधी आले. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली, की माण तालुक्यातल्या त्या घरात ढग दिसला की पहिली हाक तिला जायची. माजघरात, धान्याच्या कणगीशेजारी, अंगावर घोंगडं घालून तिला बसवत. बाकीची भावंडं अंगणात गारा वेचत आणि ही अंधारात. तिला कुणी छळत नव्हतं. उलट सगळे तिच्या जिवाला जपत होते. पण आभाळातली वीज तुलाच शोधते आहे, हे त्या मुलीला वर्षानुवर्षं, दर पावसाळ्याच्या तोंडाशी सांगितलं गेलं. साठी उलटली तरी ढग गडगडला की ती हातातलं काम टाकून माजघरात जायची.

आता आत्याला शोधणारी ही वीज वर काय करत असते ते पाहू.

एप्रिल-मे महिन्यात माणदेशातल्या एखाद्या टेकाडावर दुपारी तीनच्या सुमाराला उभं राहावं. वळवाचा ढग डोळ्यांदेखत जन्माला येतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर निघते. समुद्राकडून आलेली ओल तिच्यात असली, तर वर जाता जाता त्या वाफेचे थेंब होतात. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि ती उष्णता त्याच हवेला आणखी वर रेटते. ढग स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. पाहता पाहता त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर पोचतो. एव्हरेस्टची उंची पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे म्हसवडच्या आभाळात एका दुपारी एव्हरेस्टहून उंच असा पाण्याचा आणि बर्फाचा डोंगर उभा राहतो आणि रात्र पडायच्या आत मोडूनही जातो! फार वर गेला की त्याचा माथा सपाट होऊन आडवा पसरतो. हवामानाचे अभ्यासक त्याला ऐरण म्हणतात. लांबून ऐरण दिसली की समजावं, तिच्या पोटात आता विजेची तयारी झाली आहे.

खाली पारा चाळिशीला टेकलेला असताना या ढगाच्या मध्यावर शून्याखाली दहा ते वीस अंशांची थंडी असते. तिथे बर्फाचे बारीक स्फटिक असतात, साबुदाण्याएवढ्या मऊ गारा असतात आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. वर चढणारा वारा हलक्या स्फटिकांना उचलून नेतो. गारा जड, त्या मागे राहतात. या येण्याजाण्यात दोघांच्या अगणित टकरा होतात आणि दर टकरीला विद्युतभाराचा एक कण इकडून तिकडे जातो. गारेवर ऋण भार साठतो, स्फटिकावर धन. वारा स्फटिकांना माथ्यावर नेऊन ठेवतो, गारा मध्यावर राहतात. असा ढगाचा माथा धन आणि मध्य ऋण होत जातो. ढगात पुरेसा बर्फ नसेल तर हा खेळ रंगत नाही. म्हणूनच जुलैत कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो तरी विजा बेताच्या असतात. तेव्हाचे बरेचसे ढग तुलनेने बुटके असतात. विजांचे खरे दिवस म्हणजे पावसाळ्याआधीचा वळीव आणि पावसाळा परततानाचे, हस्त नक्षत्राच्या आगेमागेचे दिवस.

या ढगात केवढा विद्युतदाब तयार होतो? हे मोजणं फार अवघड. विमान किंवा फुगा आत सोडला, तर तो एका वेळी एकाच जागेचं माप देतो. याचं उत्तर आपल्याच देशात, उटीला मिळालं, आणि त्याची हकिगत मला विलक्षण वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा तिथे ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग चालतो. तो विजेसाठी उभारलेलाच नाही. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते सतत आपल्या सगळ्यांच्या अंगातून आरपार जात असतात. तुमच्या पसरलेल्या तळहातातून या घटकेलाही सेकंदाला एखाददुसरा जातो आहे. उटीची दुर्बीण हे म्यूऑन मोजते. वरून गडगडाटी ढग गेला की खाली पोचणाऱ्या म्यूऑनची संख्या किंचित बदलते, कारण ढगातल्या विद्युतक्षेत्रातून येताना त्यांची ऊर्जा कमीजास्त होते. १ डिसेंबर २०१४ रोजी असाच एक ढग प्रयोगशाळेवरून गेला. त्यावेळच्या नोंदींचं गणित मांडून शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये आकडा जाहीर केला: सुमारे १३० कोटी व्होल्ट. आपल्या घरातल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० असतात. ढगाला हातही न लावता, त्याच्यातून गाळून आलेल्या कणांवरून त्याच्या आतला विद्युतदाब मोजला गेला.

ढगात अब्ज व्होल्टच्या घरातला दाब असू शकतो, हे भाकीत सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच केलं होतं. विल्सनला नोबेल मिळालं ते १९२७ साली, मेघकोष्ठ या उपकरणासाठी. पण विजेची त्याची गोष्ट सुरू होते ती १८९५ च्या जूनमध्ये, स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसच्या शेजारच्या डोंगरावर. तिथे उभा असताना अचानक त्याच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले. तो क्षणभरही थांबला नाही, उतारावरून धावत सुटला, आणि त्याच्या पाठीमागेच वीज कडाडली. केस उभे राहणं म्हणजे ढगाखालच्या जमिनीवर, आणि म्हणून आपल्या अंगावरही, भार जमा होतो आहे याची खूण. विल्सनने धावायचं तेव्हा धाव घेतली आणि मग उरलेल्या आयुष्यातली कित्येक वर्षं याच विषयाला दिली. भीती आणि कुतूहल एका माणसात असे सुखाने राहू शकतात, हे मला त्याच्यामुळे पटलं.

विल्सनने आणखी एक मोठी कल्पना मांडली. निरभ्र दिवशीही जमीन आणि वरचं वातावरण यांच्यात विद्युतक्षेत्र असतं, जमिनीलगत दर मीटरला साधारण १०० व्होल्ट. जमिनीचा ऋण भार हवेतून हळूहळू गळत असतो. तो तसाच गळत राहिला तर तासाभराच्या आत संपावा. तो संपत नाही, कारण पृथ्वीवर कुठे ना कुठे गडगडाटी ढग असतातच आणि ते जमिनीला पुन्हा भार पुरवत राहतात. साऱ्या पृथ्वीवर मिळून दर सेकंदाला चाळीस-पन्नास विजा चमकतात. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत दोन-तीनशे चमकून गेल्या असतील. याच विजा हवेतल्या नायट्रोजनची संयुगं करून पावसाबरोबर जमिनीत उतरवतात, तेही दरवर्षी काही दशलक्ष टन.

आणि यातल्या साधारण चारांपैकी तीन विजा जमिनीकडे येतच नाहीत. ढगातल्या ढगात, किंवा एका ढगातून दुसऱ्यात, त्यांचा निकाल लागतो. अशी एक वीज २२ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेच्या मैदानी भागावर टेक्सासच्या पूर्वेपासून कॅन्सस सिटीच्या जवळपासपर्यंत ८२९ किलोमीटर धावली. जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये तिची विक्रम म्हणून नोंद केली. मुंबई-नागपूर हवाई अंतराहून लांब अशी एकच वीज!

जमिनीकडे येणारी वीज एका झेपेत येत नाही. ढगातून आधी एक अंधूक वाट खाली निघते. साधारण पन्नास मीटरचा एक टप्पा, मग सेकंदाचा काही लाखांश भाग विसावा, मग पुढचा टप्पा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दोन फाटे फुटून. विजेची रेष वेडीवाकडी दिसते ती यामुळे. वाटेतल्या हवेत जिथे जिथे मार्ग सुकर झाला तिथे ती वळली. ही वाट खाली येईतो जमिनीवरच्या उंच वस्तूंतून, झाडाच्या शेंड्यातून, मंदिराच्या कळसातून, उलट भाराचे तंतू वर झेपावू लागतात. त्यांतला एक आणि वरून येणारी वाट जमिनीपासून पन्नासेक मीटरांवर, फार तर शंभरेक मीटरांवर भेटतात. मग साऱ्या वाटेतून एकदम प्रवाह सुटतो, नमुनेदार विजेत तीस हजार अँपिअरचा. त्या भेटीनंतर झगझगीत उजेड जमिनीकडून वरच्या दिशेला धावतो, प्रकाशाच्या वेगाच्या एक तृतीयांश वेगाने. आपल्याला वीज खाली येताना दिसते, पण डोळे दिपवतो तो वर जाणारा उजेड. एकाच वाटेने असे तीन-चार झोत लागोपाठ जातात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते.

यातली एक गोष्ट मी आत्याला दोनदा समजावून सांगितली. पाच किलोमीटर उंचावरून निघालेल्या विजेला आपण कुठे पडणार हे निघताना ठरलेलं नसतं. ते ठरतं अगदी शेवटच्या शे-पन्नास मीटरांत, आणि तिथे काय उंच आहे, काय मोकळ्यावर आहे यावर ठरतं. आईच्या पोटातून कोण कसं बाहेर आलं, याचा ढगाला पत्ता नसतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग इतकी वर्षं मला आत का बसवलं गं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

आता आवाजाकडे येऊ, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. विजेची वाट जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर जाड, पण तिच्यातली हवा क्षणात तीस हजार अंशांवर तापते. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश आहे. इतकी तापलेली हवा फुगायला जागा शोधते आणि भोवतालच्या हवेला जो दणका देते, तो गडगडाट. वीज जवळ पडली तर आधी बारीक तडतड आणि लगेच कानठळ्या बसवणारा एकच कडाडा ऐकू येतो. लांबची असली तर गडगड-गडगड करत आवाज लोळत जातो. दोन्हींचा उगम एकच असतो. विजेची वाट काही किलोमीटर लांब असते. तिचं एक टोक तुमच्यापासून दोन किलोमीटरवर आणि दुसरं सहावर असेल, तर जवळच्या टोकाचा आवाज सहा सेकंदांनी येतो आणि लांबच्याचा अठराव्या सेकंदाला. मधले बारा सेकंद त्या वाटेचा एकेक भाग आपापल्या वेळेला कानी पडत असतो. म्हणजे गडगडाट जितका लांबला, तितकी वीज लांबलचक होती. पंधरा-वीस किलोमीटरपलीकडचा आवाज सहसा येतच नाही, कारण वर हवा थंड होत जाते तसा ध्वनी वरच्या बाजूला वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. मे महिन्यातल्या रात्री क्षितिजावर आवाज न करता चमकणारी वीज दिसते ती हीच. पलीकडच्या तालुक्यात मात्र ती कडाडतच असते.

म्हणून मोजायला शिका. वीज चमकली की सेकंद मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं, तीनाने भागायचं, तेवढे किलोमीटर. आत्याला घड्याळ पाहत बसणं जमेना. तिने स्वतःची पद्धत काढली. बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत ती “एक विठ्ठल, दोन विठ्ठल” म्हणते. तिच्या सवयीच्या चालीत एका विठ्ठलाला बरोबर एक सेकंद लागतो. मी मोबाइलवर लावून पाहिलं. बारा विठ्ठल म्हणजे चार किलोमीटर, म्हणजे शेजारच्या गावाची शीव. आता वळीव आला की ती माजघरात न जाता ओसरीच्या आतल्या अंगाला, बंद दाराआड, पाटावर बसते आणि ढग कुठून कुठे चालला हे घरातल्या सगळ्यांना सांगते. मोठा कडाडा झाला की अजूनही दचकते. दचकणं जात नाही, जायची गरजही नाही. अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान आखडते, काळीज धडधडतं. हे तान्ह्या बाळालाही होतं आणि विचाराच्या आधी होतं.

भीती वेगळी. ती शिकलेली असते, आणि तिला खतपाणी मिळतं ते टाळण्यातून. आधी माणूस कडाड्याला भितो, मग चमकेला, मग नुसत्या काळ्या ढगाला, मग वाऱ्याला, आणि शेवटी अंदाजातल्या एका ओळीला. दरवेळी तो लपतो आणि दरवेळी सुखरूप राहतो. मन त्याचं श्रेय लपण्याला देऊन टाकतं: आत बसलो म्हणून वाचलो. बाहेरच्या खोलीतली माणसंही तितकीच सुखरूप होती, हे तपासायची संधीच त्याला मिळत नाही.

यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वीच सापडला. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला भीत असे. त्याला आवडीचा खाऊ देत असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. मग दर बैठकीला थोडा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पुढे जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञाने १९५८ मध्ये हीच रीत पायऱ्या आखून, शरीर सैल सोडण्याच्या सरावासह पद्धतशीर मांडली. आज जगभर भीतीच्या उपचाराचा तो कणा आहे: ज्याची भीती वाटते त्याच्याकडे ठरवून, बेताबेताने, पळून न जाता जायचं.

विजेच्या बाबतीत त्याची पहिली पायरी मोबाइलवरचा गडगडाट. तो अगदी बारीक आवाजात लावायचा, दिवसाउजेडी, घरातलं कुणी सोबत असताना. धडधड वाढेल. ती आपोआप ओसरेपर्यंत बंद करायचा नाही; मधेच बंद केला तर पुन्हा टाळण्याचाच धडा गिरवला जातो. सवय झाली की आवाज वाढवायचा, मग अंधारात ऐकायचा, मग चमकेचा व्हिडिओ पाहायचा. शेवटची पायरी मात्र खऱ्या पावसाचीच. खिडकीच्या काचा हादरतात, हवा एकदम गार होते, मातीचा वास येतो. हे मोबाइल देऊ शकत नाही. पक्क्या घरात, खिडकीपासून चार पावलं आत बसायचं, श्वास सोडताना तो लांबवायचा आणि मोजायचं. मोजण्याने मन नुसतं रमत नाही. आता माझं काहीतरी होणार, हा भीतीचा दावा दर चमकेला तपासून पाहिला जातो आणि दरवेळी खोटा ठरतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपचाराने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवं शिकणं येऊन बसतं. मधे फार काळ गेला की जुनी ओळख पुन्हा डोकं वर काढते. पावलोव्हला कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. आपल्याकडे परतीचा पाऊस गेला की चार-पाच महिने ढग गडगडत नाही. म्हणून मेअखेर धीट झालेला माणूस पुढच्या एप्रिलला पुन्हा घाबरला, तर केलेलं सगळं वाया गेलं असं समजू नये. शिमग्याच्या सुमाराला ते रेकॉर्डिंग पुन्हा काढावं, आठवडाभर ऐकावं. आणि भीतीने घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, दम कोंडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. या भीतीवर उपचाराने फरक पडतो.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. विजेची भीती आपल्या समाजात चुकीच्या ठिकाणी आहे. सिमेंटच्या पक्क्या घरात बसलेला माणूस थरथरतो, आणि ज्याने खरोखर भ्यावं तो बिनघोर आंब्याखाली उभा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद आहे. नैसर्गिक आपत्तींतल्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त. यातली बहुतेक माणसं शेतात, रानात, गुरांमागे, झाडाखाली होती. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या बातम्या दर वर्षी त्याच असतात: पावसाने गाठलं, झाडाचा आडोसा घेतला.

झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत जाताना शेजारच्या माणसात उडी घेते, कारण ओल्या खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून तिला वाट सोपी मिळते. आणि त्याहून फसवं म्हणजे जमिनीतून पसरणारा प्रवाह. वीज पडल्या जागेपासून दूर जावं तसा दाब उतरत जातो. दोन पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसाच्या एका पायाखाली जास्त आणि दुसऱ्याखाली कमी दाब असतो, म्हणून प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो. गाईगुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठं आणि मधे काळीज. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावर वादळात एकमेकांना चिकटून उभी राहिलेली ३२३ रेनडिअर एका वेळी मेली ती अशीच. झाडाखाली गोळा झालेल्या शेळ्या एकदम मरतात, त्याचंही हेच कारण.

पक्कं घर का वाचवतं? त्याच्या सळ्या, तारा आणि नळ प्रवाहाला बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतात. तेवढ्या वेळात नळाखाली अंघोळ, भांडी आणि चार्जिंगला लावलेला फोन मात्र नको. नुसता हातातला मोबाइल वीज ओढत नाही. चारचाकीत काचा लावून बसलं तर पत्र्याची टप आणि बाजू वाचवतात. रबरी टायर किंवा रबरी चपलांचा काही उपयोग नाही. मोटारसायकल, उघडा मांडव, चार खांबांवरचं पत्र्याचं छप्पर, मचाण, यांतलं काहीही आसरा नव्हे. गाव लांब असेल आणि मोकळ्यावर सापडलात तर झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर व्हा, पाय जुळवून खाली बसा, आडवे होऊ नका, एकमेकांपासून अंतर ठेवा. हा अगदी नाइलाजाचा उपाय आहे. खरा उपाय म्हणजे ऐरण दिसली तेव्हाच निघणं.

त्यासाठी पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी हे अ‍ॅप केलं आहे. वीज चमकते तेव्हा रेडिओलहरीही सुटतात. जुन्या ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्हला आकाशवाणी लावली की वीज चमकल्या क्षणी खर्र होतं, ती हीच लहर. संस्थेने देशभर बसवलेली संवेदक यंत्रं ती लहर आपापल्या जागी केव्हा पोचली हे टिपतात, आणि वेळेतल्या फरकांवरून वीज कुठे पडली ते निघतं. आपल्या आसपास गेल्या काही मिनिटांत कुठे वीज पडली, आपल्याकडे इशारा आहे का, हे अ‍ॅपवर दिसतं.

एखाद्याला वीज लागलीच तर त्याच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावायला क्षणभरही बिचकू नका. शेणात पुरून विजेचा अंश उतरतो ही समजूत काही भागांत अजून आहे. तिच्यापायी वाचू शकणारी माणसं गेली आहेत. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि जलद दाबत राहा, तोंडाने श्वास देणं तुम्हाला जमत असेल तर तोही द्या, आणि दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा.

आणि तुमचं कुणी आत्ता रानात असेल, शेळ्यांमागे, कांद्याच्या ढिगाशी, विहिरीच्या मोटरीपाशी, तर लांबून पहिली वीज चमकली की घाबरत बसू नका, त्याला फोन करा. म्हणा, झाड सोड, घराकडे निघ, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास बाहेर पाऊल टाकू नकोस.